घाट, गळती आणि खिशातली टाकी

इंडस्ट्रियल व्हिजिटची नोटीस लागली की हॉस्टेलवर ठरलेले प्रश्न सुरू होतात. गाडी किती वाजता, मागचं सीट कुणाचं, मेसचे पैसे कापणार की नाही! हल्ली त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे, तोही दबक्या आवाजात : "घाटात व्हेप गळतो रे, काय करायचं?"

आवाज दबका, कारण ई-सिगारेटवर आपल्या देशात बंदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात सगळं बंद. यादीत 'वाहतूक' हा शब्दही आहे, बरं का. पण बंदी आली म्हणून वस्तू हॉस्टेलमधून गायब झाली असं मानणं म्हणजे झोपेचं सोंग. प्रश्न इंजिनियरिंगचा आहे, तेव्हा आधी उत्तरही इंजिनियरिंगचं बघू. मग मला जे म्हणायचंय ते म्हणतो.

या यंत्रात असतं काय? छोटी टाकी, कापसाची वात, तापणारी कॉइल, हवेला एक भोक आणि खाली बॅटरी. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या अर्ध्या भागात हवा कोंडलेली असते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार आणि नगरला, म्हणजे साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर, तो ९४० च्या आसपास. आता बॉईल साहेबांना आठवा. कल्याणला कोंडलेली १ मिलिलिटर हवा माळशेज चढून नगरला येईपर्यंत १.०८ होते. वाढलेल्या हवेला जागा हवी, म्हणून ती तेवढाच द्रव वातीतून भोकाकडे ढकलते. एक-दोन थेंब! म्हणजे मुंबईला जाताना गळत नाही, येताना गळतं. जाताना उलट बाहेरची हवा आत शिरते आणि परतीच्या गाडीत तीच हवा हिशेब चुकता करते. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर दाब ८३० च्या आसपास उतरतो. विमानाच्या केबिनमध्ये तर तो त्याहूनही खाली, साडेसातशेच्या घरात जाऊ शकतो.

नुसता घाटच दोषी नाही. २० अंशांवरून ४० अंशांवर तापली तरी हवा ७ टक्के फुगते. मे महिन्यात एस.टी.च्या खिडकीशी ठेवलेली बॅग जागच्या जागी एक माळशेज चढते म्हणा ना. वर उन्हाने द्रव पातळ होतो, तो वेगळाच.

यावरचा उपाय शाईपेन वापरणाऱ्या आपल्या आजोबांना माहीत होता. प्रवासात पेन एक तर काठोकाठ भरा, नाहीतर पूर्ण रिकामं करा, आणि निब वर ठेवा. हवाच नसेल तर फुगणार काय? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने लास्लो बिरोचं बॉलपेन उचललं, ते उंचीवर शाईपेनं गळायची म्हणूनच. शाम्पू, तेल, मेसच्या लोणच्याची बाटली, सगळ्यांना हाच नियम. आणि हे खरंच महत्त्वाचं : कुणी इन्सुलिनचं पेन वापरत असेल तर सुई लावून ठेवून प्रवास करू नका. दाब आणि तापमान बदललं की त्यातून औषध गळतं किंवा आत हवा शिरते आणि डोस चुकतो.

आता व्हेपवाल्या मित्रांसाठी. पेन गळलं तर शर्ट खराब होतो. तुमच्या टाकीतून गळतं काय, याचा हिशेब केलाय? वापरून फेकायच्या काही व्हेपमध्ये निकोटीन ५ टक्के असतं, म्हणजे एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. घाटात गळलेल्या ०.०८ मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम झालं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ मिलिग्रॅम जातं. सगळं काही कातडीतून आत जात नाही हे मान्य, पण निकोटीन कातडीतून जातं हे नक्की. हाताला लागलं तर साबणाने धुवा, आणि त्याच हाताने वडापाव खाऊ नका. शिवाय हा माल काठोकाठ भरण्याची किंवा रिकामा करण्याची सोयच नसते. शाईपेनचा उपाय इथे चालत नाही. आणि द्रवाच्या शेजारीच लिथियम बॅटरी!

"मग बिडी कशी चालते?" असं कोणीतरी विचारणारच. प्रश्न रास्त आहे. नगर-संगमनेरकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बिड्या वळत आल्या, त्या धंद्यावर घरं चालली आणि त्याच तंबाखूने माणसंही नेली. सरकारचा हा दुटप्पीपणा मलाही दिसतो. पण बिडी मोकळी आहे म्हणून व्हेप निरुपद्रवी ठरत नाही. एका विषयात के.टी. लागली म्हणून दुसऱ्यातही लावून घ्यायची का?

खरं भांडण मात्र मला झडतीशी आहे. टूरच्या आदल्या रात्री बॅगा उपसतात, पालकांना फोन जातो. यातून वस्तू जाते कुठे? मोज्यात, पँटच्या आतल्या खिशात, नाहीतर बॅगेच्या तळाशी पॉवर बँकेच्या बाजूला. म्हणजे जिथे दाबली जाईल, तापेल, गळेल आणि कुणाला दिसणार नाही, नेमकी तिथे! गाडीत काही झालंच तर मुलगा सांगणारही नाही, कारण सांगितलं की घरी फोन. बंदी हवीच, पण भीतीने बंदी पाळली जात नाही, फक्त लपवली जाते.

म्हणून रेक्टर सरांना विनंती. व्हिजिटच्या आधी तीन दिवस कॉमन रूममध्ये एक पत्र्याचा डबा ठेवा, आत कोरडी वाळू. ज्याने त्याने टाकून जावं, नाव नाही, रजिस्टर नाही, कॅमेरा नाही. पुढे त्याची विल्हेवाट कशी लावायची ते प्राचार्यांनी पोलीस ठाण्यात विचारून ठरवावं. ज्याला सोडायचंय पण जमत नाही, त्याच्यासाठी डॉक्टरांची वेळ नोटीस बोर्डावर लावा, मेसच्या मेनूशेजारी, म्हणजे सगळे वाचतील. आणि पोरांनो, डबा ठेवला तर त्यात रिकामी पाकिटं आणि केळीची सालं टाकू नका. पहिल्याच दिवशी तेच होणार, हे मला माहीत आहे!