दाढेचा ठणका आणि बुडालेली रोजी

नागपुरात रात्री दहानंतर महालातल्या बडकस चौकाच्या आसपास औषधाच्या दुकानापाशी थोडं थांबलं, तर गालाला रुमाल दाबून आलेला एखादा तरी दिसतोच. परवा इतवारीत दागिने घडवणारा एक कारागीर होता. "दाढ ठणकून राहिली ना भाऊ, काहीतरी जालीम द्या." दुकानदारानं दोन गोळ्या कापून दिल्या. एक त्यानं तिथेच गिळली, दुसरी दाढेखाली ठेवायला निघाला. दुकानदार ओरडला, "ठेवू नका, हिरडी जळते!" हे त्यानं बरोबर सांगितलं. पण दुखण्यावरचा इलाज त्याच्याकडे नव्हता.

हा ठणका रात्रीच का चढतो? आपण आडवे झालो की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. दाताची नस चहूबाजूंनी टणक भिंतींत कोंडलेली, तिला सुजायलाही जागा नसते. आणि नेमक्या त्या वेळी दातांचा डॉक्टर घरी झोपलेला असतो. कॅज्युअल्टीत गेलं तर वेदनेची सुई मिळते आणि "सकाळी ओपीडीत दाखवा" हे वाक्य.

सोय नाही असं नाही. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात 1968 पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, महालातून ते फार दूर नाही आणि दर शासकीय आहेत. अडचण कामाच्या वेळेची आहे. दिवसाची ओपीडी म्हणजे दिवसाची रोजी बुडाली. रूट कॅनलला दोन-तीनदा बोलावतात, म्हणजे तेवढ्या रोज्या. खाजगीत हेच काम काही हजारांत जातं. म्हणून खुर्चीत बसल्याबसल्या माणूस म्हणतो, "काढूनच टाका, डॉक्टरसाहेब." वाचू शकणारी दाढ अशी जाते. गरीब माणूस दातांची काळजी घेत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

योजनांचंही तसंच. महात्मा फुले योजना किंवा आयुष्मान कार्ड प्रामुख्यानं भरती होणाऱ्या रुग्णासाठी. अपघातात जबडा मोडला तर कार्ड कामाला येतं, किडलेल्या दाढेला नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. दंत महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणून ते त्यात नाही. रुग्णाला विभाग कुठला याच्याशी काय घेणं!

गोळ्यांवर दिवस ढकलता ढकलता एके दिवशी दुखणं थांबतं. माणूस खूश. खरं तर नस मेलेली असते आणि पू खाली सरकू लागलेला असतो. जबड्याखाली सूज आली, गिळता येईना, जीभ वर उचलली गेली, तर श्वास कोंडून माणूस दगावू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते, थेट कॅज्युअल्टी गाठायची.

आणि आपला खर्रा! पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. दुखरी जागा थोडी बधिर होते म्हणून लोक तो मुद्दाम त्याच गालात धरतात. वर्षानुवर्षं हे चाललं की गालाची आतली कातडी दोरीसारखी ताठ होते. निरोगी तोंडात तीन बोटं उभी मावतात, इथं एक शिरतानाही मारामार. मग दाढ काढायला अवजार न्यायचं कुठून?

उपाय फार दूर शोधायला नको. 1 मे 2023 पासून राज्यभर सुरू झालेल्या 'आपला दवाखान्या'ची वेळ दुपारी 2 ते रात्री 10 ठरवली गेली, ती काम करणाऱ्यांसाठीच. तिथं एमबीबीएस डॉक्टर, नर्स आणि मोजके मदतनीस असतात. दातांची खुर्ची त्या आखणीत कुणाला सुचली नाही. वास्तविक नागपुरात दंतवैद्यांचा तुटवडा नाही. शासकीय महाविद्यालय आहे, हिंगण्याच्या बाजूला डिगडोह आणि वानाडोंगरीला आणखी दोन आहेत, आणि बीडीएस होऊन दहा-बारा हजारांवर दुसऱ्याच्या क्लिनिकात राबणारी पोरं तर गल्लोगल्ली भेटतील. एक खुर्ची, कॉम्प्रेसर, बधिर करायचं इंजेक्शन आणि संध्याकाळच्या पाळीचा एक दंतवैद्य, एवढ्यात नस उघडून ठणका थांबवता येतो. पुढचं काम तो रुग्ण सुटीच्या दिवशी करून घेईल. महानगरपालिकेनं महालात आठवड्याच्या दोन संध्याकाळी तरी हे करून पाहावं.