थकलेले भाडे, तोडलेले पाणी
भाड्याची तारीख उलटली की काही घरमालक थेट नळाचा कॉक बंद करतात, दाराला दुसरे कुलूप ठोकतात. भाडे थकवणे चूकच. त्याच पैशांवर म्हातारपणीचे औषधपाणी भागवणारे मालकही कमी नाहीत. पण वसुलीची वाट महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने आखून दिली आहे. थकबाकीसाठी भाडेकरूला घराबाहेर काढायचे तर आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला व पुढचे भाडे नियमित दिले, तर त्या कारणासाठी घर जात नाही. भाडेकरूचे पाणी-वीज तोडायला हाच कायदा मनाई करतो. ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या घरांना ९० दिवसांची सवलत नाही, तिथे उशिराच्या भाड्याची अट नोंदणीकृत करारातच स्पष्ट हवी. मालकाने दर महिन्याची पावती द्यावी, भाडेकरूने अडचण तारखेआधी सांगावी आणि ठरलेले हप्ते दोघांनी सहीनिशी कागदावर उतरवावेत. एवढे पाळले तरी कितीतरी भांडणे कोर्टाची पायरी चढणार नाहीत.