बिडी तेरा तास सुटते, मग?

इफ्तारच्या वेळी आमच्या मोहल्ल्यात एक दृश्य रोज दिसते. खजुराने रोजा सुटतो, मगरिबची नमाज होते आणि मशिदीची पायरी उतरताच काहीजण थेट पानटपरीकडे वळतात. दिवसभर पाण्याच्या थेंबालाही न शिवलेली ही माणसे पहिल्या झुरक्यासाठी मात्र पाच मिनिटे थांबत नाहीत. माझे मामू त्यांच्यातलेच. चाळीस वर्षे बिडी ओढलेली, जिना चढताना दम लागायचा.

काही वर्षांपूर्वी मी त्यांना एका दवाखान्यात घेऊन गेलो. मामूंना बाजारातले मराठी उत्तम येते, पण दवाखान्यातले शब्द कळत नाहीत, म्हणून दुभाषी मी. केसपेपरवरून मान वर न करता डॉक्टर म्हणाले, "बिडी सोडायची नसेल तर औषधाला येऊ नका." मी ते दखनीत सांगितले आणि वर स्वतःचा एक टोमणाही जोडला. मामू काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरांचे निम्मे ऐकले. बिडी सुरूच राहिली, दवाखाना तेवढा सुटला.

डॉक्टरांची अडचण मला समजते. बाहेर रांग असते, एकेका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात. पण तेवढा वेळही वाया जात नाही, हे फार पूर्वी सिद्ध झाले आहे. लंडनमधील डॉ. मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या फॅमिली डॉक्टरांनी धूम्रपान करणाऱ्यांना एक-दोन मिनिटे आपल्या शब्दांत सल्ला दिला, एक माहितीपत्रक दिले आणि 'पुढे विचारपूस करू' असे सांगून ठेवले. वर्षभरानंतर त्यांच्यातील 5.1 टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. ज्यांना कोणी काहीच सांगितले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण 0.3 टक्के होते. शंभरात पाच ही संख्या लहान वाटेल. पण आपल्या तालुक्यातील सगळ्या दवाखान्यांत वर्षभर येणाऱ्या रुग्णांचा हिशेब मांडून पाहा.

आपल्याकडे मात्र हा एक मिनिटही अनेकदा मिळत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार, वर्षभरात डॉक्टर किंवा आरोग्यसेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी 48.8 टक्क्यांनाच सोडण्याचा सल्ला मिळाला होता. तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्यांमध्ये तर फक्त 31.7 टक्क्यांना.

आणि प्रश्न विचारला तरी तो कोणत्या शब्दांत विचारला, यावर बरेच काही ठरते. "तंबाखू खाता का?" असे विचारल्यावर आमच्याकडची एखादी आजी बेधडक 'नाही' म्हणते. ती खोटे बोलत नाही. ती मिश्री लावते आणि तिच्या लेखी ते दात घासणे असते. "दात कशाने घासता?" असे विचारले की खरे उत्तर मिळते. तरुण मुलगा आईसमोर 'नाही' म्हणतो. त्याला एकट्याला विचारायला हवे.

तीन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये खोकला अंगाशी आला, तेव्हा मामूंना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. ते आमच्या धर्माचे नव्हते. त्यांनी आधी विचारले, "मामू, रोजे किती झाले?"

"सतरा."

"दिवसभर बिडी?"

"तौबा! रोज्यात कशी ओढणार?"

"म्हणजे तेरा तास राहता येते तुम्हाला. सगळ्यात जड वेळ कोणती?"

मामू प्रथमच मोकळे बोलले. दुपारची तलब निघून जाते, पण इफ्तारनंतरची पहिली बिडी आवरत नाही. डॉक्टर म्हणाले, "तेवढी एक तरावीहपर्यंत ढकलून बघा. ईदच्या दुसऱ्या दिवशी मला भेटा." ती तारीख त्यांनी केसपेपरवर लिहिली. मला भाषांतराचे कामच उरले नव्हते.

मामू ईदनंतर पाचव्या दिवशी पुन्हा बिडीकडे वळले. हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेकांचे असेच होते. निकोटिन सुटल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत त्रासाचे असतात आणि अनेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. फरक एवढाच की, या वेळी मामूंनी दवाखाना सोडला नाही. स्वतःहून जाऊन चूक सांगितली. डॉक्टरांनी विचारले, "पाच दिवस कसे जमवलेत?" आणि नवी तारीख दिली. दुसऱ्या प्रयत्नात बिडी सुटली, ती आजवर सुटलेलीच आहे.

उर्दूत तलब, मराठीत तलफ. शब्द दोन, बेचैनी एकच. म्हणून ही गोष्ट केवळ रोजेदारांची नाही. श्रावण पाळणारा, गळ्यात माळ घालून पंढरीच्या वाटेला लागलेला माणूसही मनाला लगाम घालायला शिकलेला असतो. त्याची कमजोरी उगाळण्यापेक्षा त्याच्या या ताकदीबद्दल विचारणे डॉक्टरांना सोपे आहे आणि वेळही तेवढाच लागतो.

रुग्णासोबत जाणाऱ्या आम्हा नातेवाइकांनाही एक सांगणे आहे. "डॉक्टर, तुम्हीच झापा याला" ही विनवणी बंद करूया. चारचौघांत खाली मान घालायला लावलेला माणूस पुढच्या वेळी खरे बोलत नाही. मदतीसाठी 1800-112-356 हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. तो तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो. निकोटिनच्या च्युइंगगमविषयीही डॉक्टरांना विचारता येते. रोजेदारांनी ते इफ्तारनंतर चघळावे.

या रमजानचे जे रोजे उरले आहेत, त्यात डॉक्टरांनी खोकत आलेल्या प्रत्येक रोजेदाराला एवढेच विचारावे: दिवसभर कसे राहता? आणि ईदनंतरची एक तारीख केसपेपरवर लिहून द्यावी.