रोग रक्तात नव्हता, भांड्यात होता

गेल्या पावसाळ्यात शहाड स्टेशनबाहेर आमच्या वस्तीतली पोरं डबा घेऊन उभी होती. डब्यावर सात महिन्यांच्या एका मुलीचा फोटो आणि खाली मजकूर : यकृत प्रत्यारोपणासाठी मदत करा. कसारा लोकलमधून उतरणारी माणसं दहा-वीस रुपये टाकत होती. तोच फोटो मोबाईलवरही फिरत होता. मी त्या घरी गेलो. मुलीचं पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, डोळे हळद लावल्यासारखे पिवळे. आईला विचारलं, "ताई, कावीळ कधीपासून आहे?"

"जन्मल्यापासूनच, दादा. सगळे म्हणाले, कोवळ्या उन्हात धर, जाईल."

"आणि शी कसल्या रंगाची होत होती?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पांढुरकी. शाडूसारखी. पण ते कोणी विचारलंच नाही."

हवी तेवढी रक्कम जमली नाही. पुढचं लिहीत नाही.

मित्रांनो, "ते कोणी विचारलंच नाही" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. लहान मुलांच्या यकृतावर जगभर जे संशोधन झालं, त्याचा मोठा धडा या एका वाक्यात आहे. तो समजून घ्यायचा तर आधी आपल्याच महाराष्ट्रातली एक गोष्ट पाहावी लागेल.

विसाव्या शतकात भारतातल्या हजारो घरांत एक रोग लहान मुलांना गिळत होता. दीड-दोन वर्षांचं मूल चिडचिडं व्हायचं, पोट वाढायचं, यकृत दगडासारखं कडक व्हायचं, मग कावीळ, आणि काही महिन्यांत सगळं संपायचं. वैद्यकाच्या पुस्तकात त्याचं नाव 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस'. हा रोग गरिबातल्या गरिबाकडे कमी दिसायचा. हिंदू मध्यमवर्गीय घरांत, त्यातही स्वतःला वरच्या म्हणवणाऱ्या काही जातींत तो जास्त. एकाच आईची दोन-तीन मुलं पाठोपाठ जायची. साहजिकच लोक म्हणायचे, घराण्याचा दोष आहे. कोणी म्हणायचं पूर्वजन्माचं पाप, कोणी म्हणायचं शाप. डॉक्टरांतही अनेकांना वाटायचं की हा आनुवंशिक रोग असावा.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या रोगाचा माग काढला. या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड प्रमाणात साठलेलं असतं, हे कळलं होतं. आता प्रश्न असा, की दूधपित्या मुलाच्या पोटात एवढं तांबं येतं कुठून? त्यांनी आयांना विचारलं : बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवता? कशात ठेवता? उत्तर चुलीवरच निघालं. पितळेचं पातेलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कल्हई उडालेल्या पितळेत दूध तापवलं आणि तसंच ठेवलं की तांबं दुधात उतरतं. तान्ह्या बाळाचं यकृत ते पित्तावाटे पुरेसं बाहेर टाकू शकत नाही. १९८३ साली हे 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. पुढे १९८७ साली आजारी मुलं आणि त्यांच्याच जोडीची निरोगी मुलं यांच्या खाण्यापिण्याची तुलना करून त्यांनी ते आणखी पक्कं केलं.

उपाय काय? अंगावरचं दूध पाजा, पितळेचं पातेलं बदला. स्टील आणि ॲल्युमिनियम घरोघरी पोचलं, लोकांना सांगितलं गेलं, आणि १९९० च्या दशकात हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. एकही यकृत न बदलता.

रोग जातीत दिसत होता, घराण्यात दिसत होता. कारण जात आणि घराणं यांच्याबरोबर चालत येते ती चूल, ते भांडं, ती रीत. लोक रक्ताकडे बोट दाखवत राहिले आणि पातेल्याकडे कोणी पाहिलं नाही.

कोणी म्हणेल, अनुवंशाचा थोडाफार भाग असेलच की. असू शकतो. ऑस्ट्रियाच्या टायरोल भागातही असाच रोग होता. १९०० ते १९७४ या काळात तिथे १३८ बालकं त्याने दगावली. वंशावळी तपासल्या तेव्हा अनुवंशाचा हात असावा असं दिसलं. पण तिथेही दूध तापवायची कल्हई नसलेली तांब्याची भांडी बदलली आणि रोग गेला. लोकांचं रक्त होतं तेच राहिलं, तरी मुलं जगली. जात रक्तात असते असं सांगणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये उत्तर दिलं आहे. माणसाने उभी केलेली व्यवस्था निसर्गाच्या नावावर खपवायची, ही या समाजाची जुनी खोड आहे.

त्याच पुस्तकात बाबासाहेबांनी अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावची १९३५ सालची घटना नोंदवली आहे. बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यांत पाणी भरू लागल्या म्हणून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. धातूचं भांडं हा त्यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता! ज्या धातूच्या भांड्यावर एवढी मालकी सांगितली, तसलंच एक भांडं कितीतरी घरांत त्यांच्याच लेकरांना मारत होतं. मात्र यात आपण सूड शोधू नये. लेकरू कुणाचंही असो, ते लेकरूच. आणि पितळ नव्हतं म्हणून आपली मुलं वाचली असंही नाही. त्यांना न्यायला भूक, हगवण आणि गोवर होतेच. मुद्दा एवढाच, की प्रश्न विचारायची बंदी असलेला समाज आपल्याच मुलांना वाचवू शकत नाही.

आता आजच्या रोगाकडे येऊ. शहाडच्या त्या मुलीला पित्तनलिका बंद असण्याचा रोग होता. त्याला 'बिलिअरी अट्रेझिया' म्हणतात. साधारण १० ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. यकृतातलं पित्त आतड्यात उतरत नाही, आतच साठतं आणि यकृत जाळतं. शीला पिवळा रंग येतो तो पित्तामुळे. पित्तच आलं नाही तर शी पांढुरकी होते आणि लघवी गडद पिवळी. जपानच्या डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून द्यायची. ती बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता जास्त. जसजसा उशीर होतो, तसतशी ती घटत जाते. मग प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही. वेळेत शस्त्रक्रिया झालेल्यांतल्याही अनेकांना पुढे कधीतरी प्रत्यारोपण लागतं, हेही खरं. पण मधे मिळालेली वर्षं मुलाला वाढवतात.

यकृत प्रत्यारोपणाचा इतिहासही याच रोगापासून सुरू होतो. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेनव्हर इथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं, ते याच रोगाच्या तीन वर्षांच्या मुलावर. ते मूल टेबलावरच गेलं. आपल्याकडे १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि १९९८ साली दिल्लीत २० महिन्यांच्या मुलाला वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवून वाचवण्यात आलं. रोग तोच. आज आई-बापाच्या यकृताचा छोटा भाग बाळाला पुरतो आणि दात्याचं यकृत पुन्हा वाढतं. विज्ञान इथपर्यंत आलं आहे. पण खाजगी रुग्णालयात खर्च पंधरा-वीस लाखांच्या घरात आणि त्यानंतर आयुष्यभराची औषधं. शहाड-मोहन्यात रोजंदारीवर जाणाऱ्या बापाने हे कुठून आणायचं?

म्हणून प्रत्यारोपण सरकारी रुग्णालयात आणि मोफत मिळालं पाहिजे, ही मागणी आपण करायचीच. संविधानाच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य सांगितलं आहे. पण फक्त शेवटच्या दारावर धडका मारून चालणार नाही. पहिल्या दारावरही आपलं माणूस उभं हवं.

ते पहिलं दार कुठे आहे? तैवानने २००४ पासून देशभर एक साधं कार्ड वाटलं. त्यावर बाळाच्या शीचे रंग छापलेले. हे रंग ठीक, हे दिसले तर ताबडतोब दवाखाना. या कार्डानंतर पाच वर्षं स्वतःच्याच यकृतावर, काविळीशिवाय जगणाऱ्या मुलांचं प्रमाण तिथे दुपटीच्या पुढे गेलं. एक छापील कागद!

आपल्याकडे तर आशाताई घरी येते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटायचं असतं. बघा, ६० दिवसांच्या आत सहा भेटी. १४ व्या दिवसानंतरही बाळ पिवळं असेल तर शीचा रंग बघायचा आणि रक्तातलं 'डायरेक्ट बिलिरुबिन' तपासायचं, एवढंच करायचं आहे. व्यवस्था कागदावर आहे, वेळापत्रकही तयार आहे. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधूनच. त्यात जन्मजात दोषांची नऊ नावं आहेत, पण या रोगाचं नाव नाही. ते घाला म्हणून निवेदन द्यायला कोणाची परवानगी लागते?

आता थोडं स्वतःकडे बघू. आपण देव्हारे काढले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. तरी आपल्याच वस्तीत बाळाच्या गळ्यात काविळीची माळ दिसते आणि माळ लांब झाली की कावीळ उतरली असं मानलं जातं. बंद पित्तनलिका माळेने उघडत नाही. त्या माळेत जातात ते ६० पैकी तीस-चाळीस दिवस. दुसरीकडे, पूर्वजांचं ज्ञान म्हणून पितळेची आणि तांब्याची भांडी पुन्हा महागात विकली जात आहेत. मोठ्या माणसाने तांब्यातलं पाणी प्यायल्याचा हा वाद नाही. पण कल्हई नसलेल्या पितळेत बाळाचं दूध तापवू नका. पुण्याचं संशोधन विसरलो तर गेलेला रोग परत यायला वाट मोकळी आहे.

बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरं गमावली. १९२६ साली राजरत्न गेला. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात उभे राहिले आणि कामगार बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून बोलले. बाळाच्या पहिल्या आठवड्यांत आई त्याच्याजवळ असणं किती मोलाचं आहे, हे आपण आता पाहिलंच.

तेव्हा कामाला लागू. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की तान्ह्या बाळाच्या प्रत्येक आईला दोन प्रश्न विचारा : बाळ चौदा दिवसांनंतरही पिवळं आहे का? शी पांढुरकी आहे का? उत्तर हो असेल तर त्याच दिवशी बाळाला सरकारी रुग्णालयात न्या, तपासणीचा कागद हातात येईपर्यंत उठू नका. आपल्या आशाताईला विचारा, माता-बालकाच्या कार्डावर शीच्या रंगाची चित्रं आहेत का. नसतील तर कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांना निवेदन द्या, पोचपावती घ्या, महिन्याने पुन्हा जा.

"ते कोणी विचारलंच नाही" असं आपल्या वस्तीतल्या कोणत्याही आईला पुन्हा म्हणावं लागू नये.

जयभीम!