घरातलं गणित : तीस चौरस फुटांची खोली

मित्रांनो, तुमच्या घराचं जोतं किती फूट उंच आहे? अंदाज नको, पट्टी घेऊन मोजून या. तोवर मी तुम्हाला चिपळूणची हकिगत सांगतो.

चिपळूणला माझी बहीण राहते. घर जुनं, जांभ्या चिऱ्यांचं, कौलारू. जोतं अडीच फूट. संडास मात्र मागे परसात. तिच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या आजी, श्रावणात रात्री कंदील घेऊन निघाल्या आणि शेवाळावरून घसरल्या. मनगट मोडलं. त्यानंतर आजींनी संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडलं! कुणाला सांगितलं नाही, पण माझ्या भाचीच्या ते लक्षात आलं. ती आठवीत आहे. तेव्हा घरात ठरलं : आजींच्या खोलीला लागून, पायरी न उतरता जाता येईल असं संडास-न्हाणीघर बांधायचं. आतून सहा फूट बाय पाच फूट. पैसे मोजकेच होते, म्हणून खर्चाचा अंदाज आधी हवा. नाताळच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा भाची वही घेऊन बसलेली.

तिने सोपी युक्ती केली होती. एका ओळखीच्यांनी नव्या घराचा चौरस फुटाचा दर सांगितला होता. सहा पंचे तीस. दर गुणिले तीस. उत्तर इतकं छान आलं की भिंतींना निळ्या टाइल्ससुद्धा बसत होत्या!

मी म्हटलं, ‘‘थांब. नव्या अख्ख्या घराचा दर एवढ्याशा खोलीला चालत नाही.’’ का ते बघा. आपल्या खोलीची एक भिंत घराचीच, नव्या फक्त तीन. आतून मोजल्या तर त्यांची लांबी सहा, पाच आणि पाच, म्हणजे सोळा फूट. आता खोली बारा बाय दहा केली तर? जमीन चौपट झाली, एकशेवीस. भिंती मात्र दुप्पटच, बत्तीस फूट. म्हणजे खोली जितकी लहान, तितकी दर फुटाला भिंत जास्त. लहान काम स्वस्त पडतं, पण प्रमाणात महागच पडतं.

मग आम्ही चिरे मोजायला घेतले. (जांभ्याला इंग्रजीत ‘लॅटेराइट’ म्हणतात. हे नाव बुकानन नावाच्या साहेबाने १८०७ साली लॅटिनमधल्या ‘वीट’ या शब्दावरून दिलं. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, विटेसारखा कापता येतो, आणि हवा लागली की कडक होतो.) चिऱ्याचा आकार खाणीनुसार थोडा बदलतो. आम्ही मोजला तो १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच. मधला माल अर्धा इंच धरला तर दर्शनी बाजू साडेचौदा गुणिले साडेसात, म्हणजे जवळजवळ बरोबर पाऊण चौरस फूट.

नव्या छपराची उंची जुन्या भिंतीपाशी १० फूट, बाहेरच्या टोकाला ७ फूट. म्हणजे बाजूच्या भिंती समलंब चौकोन! सरासरी उंची साडेआठ. दोन्ही मिळून ८५ चौरस फूट. समोरची भिंत जाडी धरून साडेसात फूट लांब आणि ७ उंच, म्हणजे साडेबावन्न. झरोक्याचे ३ फूट वजा. उरले साडेएकशेचौतीस. भागिले पाऊण : सुमारे १८० चिरे. भाचीने खाली दोन रेघा ओढल्या.

तेवढ्यात गवंडीकाका आले. त्यांनी वही पाहिली आणि विचारलं, ‘‘बाय, भिंत काय हवेत उभी करू?’’

पाया राहिला होता! आजींना पायरी नको, म्हणून नवं जोतंही अडीच फूट हवं. खाली पाया दोन फूट. दोन्ही मिळून साडेचार फूट उंची, साडेसतरा फूट लांबी, आणि जाडी दुप्पट, म्हणजे चिऱ्यांच्या दोन रांगा. करा हिशोब. येतात २१० चिरे! दिसणाऱ्या भिंतीला १८० आणि न दिसणाऱ्या पायाला २१०. बेरीज ३९०, तुटफूट दहा टक्के, मागवायचे ४३०. शिवाय जोत्याच्या पोटात भरायला ७५ घनफूट मुरूम. शंभर घनफुटांचा एक ब्रास होतो, म्हणजे हा पाऊण ब्रास. पण मुरूम चोपला की बसतो, म्हणून एक ब्रास मागवावा.

छपराची गंमत तर आणखी मोठी. पाच फुटांत तीन फूट उतार, म्हणजे तिरकी लांबी पायथागोरसला विचारायची : पंचवीस अधिक नऊ, त्याचं वर्गमूळ ५.८३. भिंतीची जाडी आणि दीड फूट पागोळी धरून छपराची तिरकी लांबी साडेआठ फूट, रुंदी साडेनऊ. खाली जमीन ३० चौरस फूट, वर छप्पर ८०! शंभर चौरस फुटांना साधारण १४० मंगलोरी कौलं लागतात. आम्ही तुटफूट धरून १२५ लिहिली.

संडासाची टाकी जुनीच वापरायची. तिथवर चाळीस फूट पाइप. दर चाळीस फुटांना एक फूट उतार हवा. इथे उंच जोतं कामाला आलं.

दर मी मुद्दामच लिहीत नाही. ते गावागणिक आणि मोसमागणिक बदलतात, मापं मात्र बदलत नाहीत. दर विचारताना एकच लक्षात ठेवा : चिऱ्याचा भाव खाणीवरचा की दारात पोचता? भाचीने न विचारता लिहिला होता. ट्रकचं भाडं धरल्यावर निळ्या टाइल्स वहीतून गेल्या. पालकांसाठी एक सूचना : चिपळूणला निळी आणि लाल पूररेषा आखलेल्या आहेत. आपली जागा कुठे येते ते नगरपरिषदेत पाहून, परवानगी घेऊनच खणायला हात घालावा.

आता वहीतलं शेवटचं कलम. २२ जुलै २०२१ च्या पुरात या घरात जोत्याच्या वर चार फूट पाणी होतं. भिंतीवर ती रेघ अजून दिसते. म्हणून विजेचा बोर्ड पाच फुटांवर घ्यायचं ठरलं. पण त्या पाण्याने भिंतीच्या आत काय केलं, ते कोण सांगणार? जुनी भिंत मातीत बांधलेली, आणि दरवाजासाठी तीच फोडायची. मी म्हटलं, एकूण बेरजेचा पाचवा हिस्सा ‘न दिसणारं’ म्हणून लिही. नव्या घराला दहावा पुरतो, जुन्याला नाही. भावजींना हे पटलं नाही. ते म्हणाले, ‘‘कशाचे पैसे तेच माहीत नाही, तर लिहायचे कसे?’’ भाचीने तरीही लिहिले.

फेब्रुवारीत भिंत फोडली. दोन चिरे काढले आणि मधली माती भुगा होऊन खाली सांडली. पुराने ती आतून धुऊन नेली होती. वरच्या वाशांना टेकू देऊन दोन्ही बाजूंची भिंत सिमेंटमध्ये नव्याने बांधावी लागली. पाचवा हिस्सा त्यात संपला, वर थोडे गेलेच. मिरगाच्या आत छप्पर व्हायलाच हवं होतं, तेव्हा थांबणंही शक्य नव्हतं.

उरलेल्या पैशांत भिंतींना पांढऱ्या साध्या टाइल्स तरी, नाहीतर खरखरीत फरशी आणि भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा, यांतलं एकच होणार होतं. आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘भिंत मी बघत बसणार आहे का? दांडा द्या.’’ दांडा किती उंचीवर लावायचा, ते भाचीने आजींना उभं करून, त्यांचा हात जिथे सहज टेकतो तिथे खडूने खूण करून ठरवलं. दोन फूट नऊ इंच. वहीत तेही लिहिलं आहे.

भिंती अजून नुसत्या गिलाव्याच्याच आहेत. चिरे चौदा उरले. आणि आजी रात्री उशाशी तांब्या भरून ठेवतात.

आता तुमचं काम : हीच खोली आतून आठ बाय पाच केली, बाकी मापं तीच ठेवली, तर चिरे किती लागतील? पाया विसरू नका!