सात दिवसांत अख्ख्या वर्षाची खबरबात

मंडळी, गणपती गेले. मंगळवारी गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, बुधवारपासून गाड्या भरून एकेक जण परत निघाला आणि काल शेवटची भावजय पोरांना घेऊन गेली. आमच्या घरात सात दिवस तेवीस माणसं होती. आता तीन आहोत. मी, बायको आणि आये. माटवीचे दोर अजून छपराला लोंबतायत, ते काढायचं माझ्या जिवावर आलंय. म्हणून बसून हे लिहितोय. जरा लांबेल, वेळ असेल तेव्हा वाचा.

२०२५ च्या गणपतीआधी एक मोठा निर्णय झाला, तुम्हीही वाचला असेल. सरकारी कागदावर आता 'चाकरमानी' लिहायचं नाही, 'कोकणवासीय' लिहायचं. उपमुख्यमंत्र्यांनी तसं सांगितलं. चाकरमानी शब्दात कमीपणा वाटतो अशी काही संघटनांची तक्रार होती. वाटत असेल, माझं काही म्हणणं नाही. पण तेव्हापासून डोक्यात एकच येतंय. मुंबईहून सात दिवसांसाठी येतो तो कोकणवासीय, तर मग तीनशे पासष्ट दिवस इथे राहते त्या आयेला काय म्हणायचं? तिच्यासाठी सरकारी शब्द आहे का काही?

आमच्याकडे वर्षभराची खबरबात गणपतीतच होते. तुमच्याकडेही तसंच असणार. फोन वर्षभर चालू असतो, ग्रुपवर गुड मॉर्निंग असतं, पण खरी बातमी पडवीत बसूनच कळते. आणि यंदाचं वर्ष आमच्या घराण्याला धावपळीचं गेलं. नोव्हेंबरात धाकट्या काकांचं बायपास. फेब्रुवारीत पुण्याच्या पुतणीला मुलगा झाला. एका भाच्याची नोकरी गेली आणि तीन महिन्यांनी दुसरी लागली. मोठ्या भावाने बदलापूरला फ्लॅट घेतला, हप्ता ऐकून आये म्हणाली, "एवड्यात हंय चार घरां बांदून झाली असती." मे महिन्यात चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं, ते तर विसरताच येणार नाही. २०२५ मध्ये २५ मेला मान्सून देवगडपर्यंत पोचला होता, आणि त्याच्या आधीच चार-पाच दिवस पाऊस धोधो लागला होता. दरवर्षी जूनचा पहिला आठवडा धरून आपण सगळं ठरवतो. लग्नाचा मंडप गळला, वऱ्हाडाच्या गाड्या चिखलात रुतल्या, आणि आमच्या खळ्यात वाळत घातलेली सोलं काळी पडली. लाकडं भिजली ती भिजलीच. लग्नाला आलेल्या सगळ्यांनी त्या पावसाचे व्हिडिओ काढले. सोलं कोणी उचलली ते मात्र व्हिडिओत नाही. माझ्या बायकोने आणि आयेने उचलली.

ही सगळी खबरबात सात दिवसांत सांगून झाली. आरतीनंतर, भजनाच्या आधी, करंज्या लाटताना, रात्री पत्त्यांच्या डावात. नव्या बाळाला सगळ्यांनी उचलून घेतलं. काकांनी छातीवरचा टाका दाखवला. नव्या नवरीचा ओवसा झाला. मजा आली, खोटं कशाला बोलू. वर्षातून एकदा घर घरासारखं वाटतं.

पण चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या बायकोने मला मागल्या दारी बोलावलं आणि म्हणाली, आयेचे पाय बघा. बघितले. दोन्ही पाय सुजलेले, बोट दाबलं तर खळगा पडत होता. आयेला हृदयाचा त्रास आहे, रोज सकाळी पाण्याची गोळी असते. ती घेतली की दोन-तीन तास सारखं न्हाणीकडे जावं लागतं. घरात तेवीस माणसं, न्हाणीघरं दोन, सकाळी रांग. तर आयेने काय केलं? माणसं आली त्या दिवसापासून ती गोळीच बंद केली. कोणाला न सांगता. कारण विचारलं तर म्हणाली, "पोरां चार दिसांसाठी इली हत, मी मदीच किती येळ अडवन रवतलंय?"

घरात तेवीस माणसं असताना ही गोष्ट चार दिवस कोणाच्या लक्षात आली नाही. त्यात मीही आलो. मी गणपतीच्या गडबडीत होतो, बाजार आणत होतो, गॅस सिलेंडरसाठी कट्ट्याला तीन फेऱ्या मारल्या. मलाही दिसलं नाही.

ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, गोळी लगेच सुरू केली, दोन दिवसांत सूज उतरली. सुदैव. पण जूनमध्ये सुदैव नव्हतं. जूनच्या एका रात्री तिला श्वास लागला. बाहेर पाऊस, लाईट गेलेली. शेजाऱ्याला उठवून त्याच्या गाडीतून नेली. एका दवाखान्यात म्हणाले पुढे न्या, तिथे म्हणाले आणखी पुढे न्या. नावं घेत नाही, कारण रात्री ड्युटीवर असलेल्या त्या एकट्या पोराचा काय दोष? आपल्या जिल्ह्यात ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, चांगलं झालं. तरी अजून आपल्या तोंडात "गोव्याक न्या" हेच पहिलं येतं, ते उगाच नाही. पहाटे तिला ॲडमिट केलं आणि मी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. खाली एकोणीस नमस्काराच्या खुणा आल्या. "काळजी घे" असे सहा मेसेज. कोण घेणार काळजी, ते सगळ्यांनाच माहीत होतं.

मी भावांवर राग काढायला हे लिहीत नाही. त्यांचं तिकडचं जगणं मी बघितलंय. मोठा भाऊ पहाटे पाच वाजता घर सोडतो, रात्री नऊला येतो. वर्षाला रजा मोजून मिळतात, त्यातल्या अर्ध्या गणपतीला जातात. आणि यायचं तर कसं? रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आणलं. म्हणजे गणपतीच्या तिकिटासाठी जूनच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठ वाजता तीन मोबाईल हातात घेऊन बसायचं आणि पाच मिनिटांत वेटिंग बघून उठायचं. महामार्गाबद्दल मी काही लिहीत नाही, त्यावर लिहून लिहून आपली बोटं झिजली.

माझं म्हणणं वेगळंच आहे. या सात दिवसांसाठी सगळी यंत्रणा हलते. एसटीच्या पाच हजारांच्या वर जादा गाड्या सोडतात, रेल्वेच्या जादा फेऱ्या असतात, टोल माफ होतो. २०२५ ला तर कोलाडहून मोटारगाडी रेल्वेवर चढवून आणायची सोयही केली. चांगलंच आहे. पुढाऱ्यांचे बॅनर लागतात, आरतीची पुस्तकं वाटली जातात, "येवा, कोकण आपलोच आसा". आणि विसर्जन झालं की बॅनर उतरतात आणि उरलेल्या दिवसांचं कोणी काही ठरवत नाही. सरकारही नाही आणि आपली घरंही नाहीत.

आकडे बघा. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ ला ती ८,४९,६५१ झाली. अख्ख्या महाराष्ट्राची वाढत होती तेव्हा आपली घटली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ बायका. याचं आपण कौतुक करतो, की बघा आमच्याकडे मुली वाचवतात. काही अंशी खरंही असेल. पण त्यातलं बरंचसं गणित साधं आहे, बापये मुंबईला आणि बायका घरी. त्याला आता बरीच वर्षं झाली. पुढची जनगणना २०२७ ची, १ मार्चच्या मध्यरात्रीचा हिशोब धरून. त्या रात्री तुमच्या घरात कोण झोपलेलं असेल, याचा जरा विचार करा. तेवीस नक्कीच नसतील.

सातव्या दिवशी उत्तरपूजेला थोरल्या काकांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्यात तो मान त्यांचा. एकेकाचं नाव घेऊन त्यांनी देवाला सांगितलं, अमक्याची नोकरी टिकू दे, तमक्याचं घर उभं राहू दे, बाळाला औक्ष दे, काकांच्या काळजाला ताकद दे. प्रत्येकाला आम्ही सगळे "व्हय म्हाराजा". आयेचं नावही आलं शेवटी, "म्हातारेक सुखात ठेव". व्हय म्हाराजा. मी पण म्हणालो, मोठ्याने. पण खरं सांगू, त्या क्षणी मला देवाची लाज वाटली. म्हातारीला सुखात ठेवायचं काम आपण देवावर ढकललं आणि नारळ फोडून मोकळे झालो.

म्हणून त्या रात्री, गाड्या भरायच्या आधी, मी सगळ्यांना पडवीत बसवलं. थोडी कुरबुर झाली, "आता ह्या येळेक?" म्हणून. मी म्हणालो, तासभर बसा, परत पुढच्या वर्षीच भेटणार. आयेच्या गोळ्या एका ताटात ठेवल्या आणि विचारलं, यातली कुठली कशाची ते कोण सांगेल? कोणालाच आलं नाही. मलाही तीनच सांगता आल्या, सगळ्या माझ्या बायकोने सांगितल्या. मग थोरल्या वहिनीनेच वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. गोळ्या, वेळा, डॉक्टरांचा नंबर, शेजारच्या गाडीवाल्याचा नंबर.

मग कार्डाचा विषय निघाला. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आये अठ्ठ्याहत्तर वर्षांची. घरात पंधरा स्मार्टफोन, आणि तिचं कार्ड नाही. मी पण "करूया, करूया" म्हणत वर्ष काढलं होतं. पुतण्याने तिथेच बसून अर्ध्या तासात केलं. तुमच्या घरात कोणी सत्तरीपुढचं असेल तर आजच बघा, आधार आणि मोबाईल लागतो, बाकी काही नाही.

सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे, वारस नोंदीचं ठरलं. हा विषय निघाला की आमच्याकडे आवाज चढतात, यंदाही चढले. पण बाळ झोपलं होतं म्हणून बरं, लवकर उतरले.

शेवटी मी मुख्य गोष्ट काढली. सगळे एकदम येता, त्यापेक्षा वर्ष वाटून घ्या. एकाने जानेवारीत, एकाने मार्चमध्ये, एकाने पावसात आठ दिवस. तेव्हा तिकीट मिळतं, रस्ता मोकळा असतो, न्हाणीघराला रांग नसते आणि आये गोळी घेते. माझी बायको सहा वर्षांत माहेरी चार दिवस सलग राहिलेली नाही, हेही मी सांगितलं. ती आत भांडी आवरत होती, तिने ऐकलं की नाही माहीत नाही. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आयेच बोलली, "माका काय जाता? तुमी तुमचा बगा." हे वाक्य प्रत्येक आयेला पाठ असतं. त्याच्यावर विश्वास ठेवणं आपल्याला सोयीचं पडतं.

हे झालं घरातलं. गावातलं पण बोलतो. आपल्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची निवडणूक २०१७ ला झाली होती. मार्च २०२२ पासून तिथे प्रशासक होता. साडेतीन वर्षांहून जास्त काळ आपला म्हणून प्रश्न विचारायला निवडून दिलेला माणूस नव्हता. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायला बजावलं. आरतीची पुस्तकं वाटणारे मतं मागायला येतील. ते आले की एवढंच विचारा, आमच्या वाडीत एकटी राहणारी म्हातारी माणसं किती, तुम्हाला माहीत आहे का? रात्री त्यांना काही झालं तर पहिल्या तासात काय सोय? कायदा आहे म्हणून सांगतील. आहेच, २००७ चा, मुलं बघत नसतील तर प्रांतांकडे अर्ज करता येतो. पण कुठली आये लेकाविरुद्ध प्रांताकडे जाणार? तिची मुलं वाईट नाहीत, लांब आहेत.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. त्यात मी एक विषय मांडणार आहे. वाडीवार यादी करायची, घरात साठीपुढची माणसं एकटी किंवा दोघंच आहेत अशा घरांची. सोबत मुंबईतल्या मुलाचा नंबर, शेजाऱ्याचा नंबर, चालू औषधं. आशाताईंकडे त्यातलं बरंच असतं, पण सगळं त्यांच्याच डोक्यावर टाकू नका, त्यांना आधीच किती कामं. आपल्या वराडकर हायस्कूलची पोरं एका रविवारी वाडीवाडीत फिरून माहिती गोळा करतील, शिक्षकांशी बोलतो. पैसा लागत नाही याला. ज्यांना पटतंय त्यांनी ग्रामसभेला या, नुसता लाईक देऊ नका. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली की मग आपणच बोंब मारतो.

मुंबईकर मंडळींनी रागावू नये. रागावलात तरी चालेल, पण फोन करून आयेला "जेवलीस काय" याच्या पुढचा एक प्रश्न विचारा. आज कुठली गोळी घेतलीस, असा.

काल रात्री मोठ्या भावाचा फोन आला होता. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आठ दिवसांची रजा टाकलीय म्हणाला, वहिनी पण येणार आहे. त्या आठवड्यात माझी बायको माहेरी जाईल. तिकीट काढायला नोव्हेंबर उजाडेल, ६० दिवसांचा नियम. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय.