सोळा लाखांत १९: तृतीयपंथी मुलं दहावीच्या आधीच कुठे जातात?

फेब्रुवारी २०२५ मध्ये दहावीची परीक्षा सुरू होण्याआधी राज्य मंडळाने दरवर्षीप्रमाणे आकडे जाहीर केले. एकूण विद्यार्थी १६ लाख ११ हजार ६१०. त्यात मुलगे ८ लाख ६४ हजार १२०, मुली ७ लाख ४७ हजार ४७१ आणि तृतीयपंथी १९.

अशा बातम्या आम्ही डेस्कवर पाच मिनिटांत उरकतो. मथळ्यात सोळा लाख, खाली कॉपीमुक्त अभियान, भरारी पथकं, हेल्पलाइन. '१९' कुठेतरी चौथ्या परिच्छेदात असतो. त्या दिवशी मात्र मी तिथे थांबलो, कारण विसावी कुठे गेली हे मला माहीत होतं. ती माझ्या वर्गात होती.

सांगोला तालुक्यातली शाळा, नववीचा वर्ग. पटावर ती मुलगा होती. आता ती स्वतःला बाई म्हणवते, म्हणून इथेही 'ती'च लिहितो. एकदा सरांनी विचारलं, गृहपाठ कुठे आहे? ती म्हणाली, "विसरले, सर." एवढंच. 'विसरलो' नाही, 'विसरले'. वर्ग हसला, सरही हसले, मीही हसलो. पुढचे कित्येक महिने मधल्या सुट्टीत पोरं तिला बघून 'विसरले, विसरले' ओरडायची. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. कुणी चौकशी केली नाही. हजेरीत काही दिवस तिचं नाव यायचं, मग तेही बंद झालं.

मराठीत बोलायचं तर 'गेलो' की 'गेले' हे आधी ठरवावं लागतं. ते चुकवायचं तर गप्प बसणं हाच उपाय. शाळेत 'हजर' एवढाच शब्द असा होता, जो कुणालाही न हसू देता म्हणता यायचा.

शाळा आधी सुटते, ओळखपत्र नंतर मिळतं

तृतीयपंथीयांच्या शिक्षणाची चर्चा निघाली की आपल्याकडे योजनांची यादी वाचली जाते. यादी खोटी नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ मध्ये संसदेने तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा केला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने भेदभाव न करता सर्वसमावेशक शिक्षण द्यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुली आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी खास निधीची तरतूद आहे. २०२२ मध्ये केंद्राची 'स्माइल' योजना आली. तिच्यात नववीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत शिष्यवृत्ती आहे. राज्यातही तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ आहे, आणि मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तृतीयपंथी धोरणाला मान्यता दिली.

मग अडतं कुठे? माझ्या मते वयात.

या बहुतेक लाभांच्या दारावर एकच कुलूप आहे, ते म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेलं ओळख प्रमाणपत्र. २०२० च्या नियमांनी त्याची पद्धत सोपी ठेवली. राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय तपासणीची अट तेव्हा नव्हती आणि ३० दिवसांची मुदत. पण अर्जदार १८ वर्षांच्या आतला असेल तर कायद्यानुसार अर्ज पालकांनी करायचा.

आता नववीतलं मूल डोळ्यांसमोर आणा. घरात ज्या कारणावरून मार बसतोय, नेमक्या त्याच कारणाच्या कागदावर वडिलांची सही आणायची. शिष्यवृत्ती नववीपासून आहे, पण ती मिळवून देणारा कागद बहुतेकांना अठराव्या वर्षानंतरच मिळू शकतो. मधली चार वर्षं नुसती मोकळी आहेत, आणि शाळा सुटते ती नेमकी त्या चार वर्षांत.

याच कायद्यातलं आणखी एक कलम सांगतं की, केवळ तृतीयपंथी आहे म्हणून कोणत्याही मुलाला आई-वडिलांपासून तोडता येणार नाही. कुटुंब सांभाळायला असमर्थ असेल तर न्यायालय त्याला पुनर्वसन केंद्रात पाठवू शकतं. हेतू चांगला आहे. प्रत्यक्षात घर सोडलेलं मूल न्यायालयात जात नाही, ते गुरूकडे जातं. तिथे भाकरी मिळते, नाव मिळतं, 'गेले' म्हटल्यावर कुणी हसत नाही. शाळा तेवढी मिळत नाही.

एका बिटात मावणारी माणसं

मी इंजिनीअर. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आम्ही चौघांनी विद्यार्थी नोंदणीची एक वेबसाइट केली होती. 'लिंग' या रकान्यात दोन गोल बटणं, त्यातलं एक निवडणं सक्तीचं. डेटाबेसमध्ये मी त्यासाठी एकच बिट ठेवला होता: शून्य किंवा एक. जागा वाचवली म्हणून परीक्षकांनी कौतुकही केलं. नालसा निकाल तोपर्यंत येऊन गेला होता. आमच्यापैकी एकालाही तो माहीत नव्हता.

आम्ही विद्यार्थी होतो म्हणून सोडून देऊ. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याच्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जातही तिसरा पर्याय नव्हता. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने म्हणजे 'मॅट'ने तो द्यायला सांगितलं, तर राज्य सरकार त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबरमध्ये न्यायालयाने खडे बोल सुनावले, तेव्हा कुठे सरकार पर्याय द्यायला राजी झालं. एक बटण वाढवायला निकालानंतर आठ वर्षं! कोड लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, हे काम एका दुपारचं आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज छाननीत बाद झाला होता, कारण तो महिलांसाठी राखीव जागेवर भरला होता. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला. त्याच महिन्यात त्या निवडूनही आल्या. अर्ज अडवला तो छाननीच्या टेबलाने, मतदारांनी नाही.

तिसरा रकाना आला म्हणजे सुटलो, असंही नाही. शाळेची माहिती भरताना हा रकाना वर्गशिक्षक भरतात. ज्या मुलाने अजून स्वतःच्या आईला सांगितलेलं नाही, ते सरांना काय सांगणार? आणि सांगितलंच, तर ती नोंद कुणाकुणाच्या स्क्रीनवर जाणार? म्हणून '१९' हा आकडा तृतीयपंथी विद्यार्थी किती याचा नाही, स्वतःहून तसं लिहिण्याची सोय आणि हिंमत किती जणांना मिळाली याचा आहे. त्याच वर्षी बारावीला हा आकडा ३७ होता. १५ लाख ५ हजार ३७ विद्यार्थ्यांत ३७. दोन्ही तुकड्या वेगळ्या आहेत हे मान्य, पण बारावीचे विद्यार्थी एकूण कमी असूनही इथे संख्या जवळपास दुप्पट. वय वाढतं तसं लिहिणं सोपं जातं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुषांसोबत 'इतर' हा पर्याय आला. देशात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद त्याखाली झाली, महाराष्ट्रात ४० हजार ८९१. त्यांच्यातली साक्षरता ५६ टक्के, तेव्हा देशाची ७४ च्या आसपास. या पावणेपाच लाखांत सहा वर्षांपर्यंतची ५४ हजार ८५४ मुलं होती. त्यांच्यापैकी बरीचशी २०२५ पर्यंत दहावीच्या वयाला पोहोचली किंवा ते ओलांडून पुढे गेली. ती १९ आणि ही ५४ हजार यांची थेट तुलना होत नाही, कारण एक आकडा राज्याच्या एका वर्षाचा आणि दुसरा देशाच्या सात वयोगटांचा. तरीही दोन्ही शेजारी ठेवले की घशात काहीतरी अडकतं.

आशीर्वाद चालतो, बाकावर चालत नाही

'खेड्यातली माणसं मागास, त्यांना हे पटणार नाही' हा युक्तिवाद मी शहरातल्या ऑफिसांत खूप ऐकला. सांगोल्याला लागून असलेल्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचं गाव आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या लोकांनी माऊली कांबळे यांना थेट मतदानातून सरपंच केलं. राज्यातल्या पहिल्या तृतीयपंथी सरपंच म्हणून तेव्हा त्यांच्या बातम्या झाल्या. पाणी, रस्ता, गटार यांचा हिशेब ज्याच्या हाती द्यायचा, तो माणूस गावाने निवडला. कुठलंही जागृती शिबिर न घेता.

आमच्या पट्ट्याला हा विषय नवा नाहीच. यल्लम्माचे जोगते आम्ही लहानपणापासून बघतो. २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा यांच्याबरोबर 'जोगता' हा शब्द आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. बारशाला, लग्नाला, दुकानाच्या उद्घाटनाला तृतीयपंथीयांचा आशीर्वाद लागतो. त्यांनी कपाळाला लावलेला भंडारा कुणी पुसत नाही. पण तेच माणूस चौदा वर्षांचं असताना आपल्या मुलाशेजारी बाकावर बसलं, तर पालक मुख्याध्यापकांकडे जातात. मोठेपणी पाया पडायचं आणि लहानपणी बाकावरून उठवायचं, हे गणित मला कधी सुटलेलं नाही.

शिक्षकांची बाजूही मी ऐकली आहे. वर्गात साठ पोरं, वर निवडणुकीची कामं, वर पोषण आहार, आणि आता हेही आम्हीच ओळखायचं का? त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. त्यांना याचं प्रशिक्षणच मिळालेलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी एक पुस्तिका संकेतस्थळावर टाकली होती, तृतीयपंथी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं याची. आक्षेप आले आणि काही दिवसांतच ती काढून टाकली गेली.

उरलेलं निम्मं मात्र मला मान्य नाही. मूल मोठेपणी कोण होणार, हे शिक्षकांनी ठरवायचंच नाहीये. त्यांनी एवढंच बघायचं की, कुणी 'विसरले' म्हटलं तर वर्ग हसत सुटू नये, आणि स्वतः तर अजिबात हसू नये. मुलांच्या मुतारीत जायची भीती वाटते म्हणून एखादं पोर दिवसभर पाणी पीत नसेल, तर त्याला स्टाफच्या स्वच्छतागृहाची किल्ली द्यावी. सलग आठ दिवस गैरहजर राहिलं, तर घरी निरोप धाडावा. याला निधी लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही.

पालकांना एक गोष्ट करता येईल. २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत तो कोण, हे पुढच्या पालकसभेत विचारा. नाव सांगता आलं नाही, तर कुणाला नेमताय, तेही तिथेच विचारा.

सुटलेली शाळा पुन्हा धरायची तर

मार्ग आहे, आणि तो तृतीयपंथीयांसाठी वेगळा काढलेला नाही. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म सर्वांसाठीच आहे. शाळा सोडलेल्यांना खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येतं. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वय १४ पूर्ण लागतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो. दाखला हरवला असेल तर त्याची दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं.

घोळ होतो तो नावाचा. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. २०२० च्या नियमांनुसार ओळख प्रमाणपत्राच्या आधारे शैक्षणिक कागदपत्रांवरचं नाव आणि लिंग बदलून मागता येतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, मग आधार, मग दाखला, मग १७ नंबर. उलटं गेलात तर प्रत्येक खिडकीवर तीच कहाणी नव्याने सांगावी लागते. महा ई-सेवा केंद्रात जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला तोंडपाठ असतो. या पोर्टलचं नाव बऱ्याच ठिकाणी आपल्यालाच सांगावं लागेल.

हे एवढं तपशिलात सांगतोय, कारण गेल्या महिन्यात सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात ती मला भेटली. जनावरांच्या बाजाराच्या तोंडाशी, दुकानादुकानांतून पैसे मागत होती. मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. चहा घेतला. मी पेपरात आहे कळल्यावर तिने आधी विचारलं, पगार किती? मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "दहावी आता करता येती का रं?"

मी नववीतल्या त्या हसण्याबद्दल काहीतरी बोलायला गेलो. तिने हाताने उडवून लावलं. "ते राहू दे. फॉर्मचं सांग."

पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला शाळेचा दाखला काढला. सोळा वर्षं जपलेला, घड्यांवर फाटत आलेला. त्यावर जुनं नाव आहे आणि शाळा सोडण्याच्या कारणापुढे 'पालकांच्या विनंतीवरून'. वडील शाळेत कधी गेलेच नव्हते, असं ती म्हणाली.

ओळख प्रमाणपत्राचा अर्ज आम्ही त्याच दुपारी माझ्या मोबाइलवरून भरायला घेतला. प्रतिज्ञापत्र बाकी आहे. रविवार असल्याने नोटरी बंद होता.